मिरवणुकीतील विषय : बदलत्या कसोट्या

शालेय वर्षात मिरवणुकीचे प्रसंग पुष्कळ येतात. जूनमध्ये प्रवेशोत्सवाची फेरी, जुलैमध्ये वृक्षदिंडी, १५ ऑगस्टची प्रभातफेरी, १५ नोव्हेंबरला बिरसा मुंडा जयंती, ३ जानेवारीस सावित्रीबाई फुले जयंती, २६ जानेवारीचे संचलन असा हा क्रम असतो. मार्कंडा येथे महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. तेव्हा परिसरातील शाळांना स्वच्छतेची अथवा व्यसनमुक्तीची फेरी काढण्याची संधी आपोआप मिळते. अशा वेळी ढोल कोणी वाजवावा, लेझमीचे हात कोणते बसवावेत, रांगा किती कराव्यात, याचा विचार आपण बारकाईने करतो. परंतु मिरवणुकीत दाखवावयाचा विषय कोणता आणि तो कोणत्या रूपाने दाखवावा, याचा विचार बहुधा शेवटच्या दोन दिवसांत, हाताशी असलेल्या पोषाखांवरून होतो. प्रस्तुत लेखात याच गोष्टीचा ऊहापोह करावयाचा आहे.

संचलन, लेझीम, मेळा, दिंडी, दंडार, चित्ररथ या सर्वांना आपण सोयीसाठी ‘चालती कला’ म्हणू. समूहाने, तालावर, पदन्यासाने आणि वेषभूषेने एखादा आशय लोकांपुढे नेणे हे या कलेचे लक्षण होय. हा आशय कोणता असावा याच्या कसोट्या आपल्या प्रांतात गेल्या सव्वाशे वर्षांत अनेकदा बदलल्या आहेत. त्या का बदलल्या हे समजले, म्हणजे आज कोणती कसोटी लावावी हेही उमगते.

रंगमंच आणि रस्ता

प्रथम रंगमंचावरील कला आणि रस्त्यावरील कला यांतील भेद लक्षात घेतला पाहिजे. तो चार प्रकारचा आहे.

पहिला भेद प्रेक्षकाचा. नाटक पाहावयास जाणारा मनुष्य स्वेच्छेने जातो. न आवडल्यास उठून येतो. मिरवणूक मात्र प्रेक्षकाच्या दारापुढून जाते. तिचा प्रेक्षक निवडलेला नसतो. दुसरा भेद वेळेचा. नाटकातील दुष्ट पात्राला तीन अंकांत आपली बाजू मांडता येते. मिरवणुकीतील पात्र घटकाभर दिसते आणि पुढे जाते. त्यामुळे तेथे सूक्ष्म चित्रण शक्य नसते, ठळक खूण तेवढी उरते. दाढी, टोपी, शेंडी, पिसे, झाडाची पाने, काळा रंग अशा खुणांनीच पात्र ओळखविले जाते, आणि खूण ही एका व्यक्तीची न राहता संपूर्ण जातीची किंवा जमातीची होऊन बसते. तिसरा भेद समूहाचा. शंभर मुले एका तालावर एकच घोषणा करीत असता एखाद्या मुलास ती न रुचली तरी त्याला वेगळे पाऊल टाकता येत नाही. चौथा भेद मार्गाचा. एकच पद मोकळ्या मैदानात म्हटले तर ते गाणे असते. तेच विशिष्ट मोहल्ल्यापुढे थांबून म्हटले तर त्याचे आव्हान होते.

या चार कारणांमुळे जे रंगमंचावर खपते ते रस्त्यावर खपत नाही, आणि खपू नये.

मेळ्यांचा इतिहास

आपल्या भाषेत या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण गणपतीच्या मेळ्यांचे आहे. १८९३ मध्ये पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवास प्रारंभ झाला आणि लगेच पुढील काळात मेळे पुढे आले. मुले व तरुण एकसारखा पोषाख करून, हाती टिपऱ्या अथवा काठ्या घेऊन, रांगेत चालत व थांबून पदे म्हणत. १८९३ साली मुंबईत हिंदु-मुसलमानांचा मोठा दंगा झाला होता. आरंभीच्या काही पदांत ताबुतांत भाग घेणाऱ्या हिंदूंना तसे न करण्याचा उपदेश आणि शेजारी समाजावर टीका असे. आपल्याच प्रांतात पिढ्यान्‌पिढ्या चाललेला सहभाग तोडावयाचा हा विषय त्या काळी अनेकांस गैर वाटला नाही, हे आज नमूद करताना संकोच वाटतो. परंतु इतिहास म्हणून तो सांगितलाच पाहिजे.

१९०५ नंतर मेळ्यांत स्वदेशी, बहिष्कार आणि मद्यपाननिषेध हे विषय आले. सरकारला ते खटकू लागले. त्यापूर्वीच, १८७६ मध्ये, इंग्रज सरकारने नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा कायदा केला होता. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवध’ नाटकावर १९१० मध्ये बंदी आली आणि त्याच सुमारास पुष्कळ मेळ्यांवरही निर्बंध घालण्यात आले. तेव्हाची सरकारी कसोटी एकच होती : या गाण्याने राज्याविषयी अप्रीती उत्पन्न होते काय? पौराणिक कथेच्या पडद्याआडून राज्यकर्त्यांवर टीका केली तर ती ओळखून थांबवावयाची, आणि एका समाजाने दुसऱ्याची केलेली नालस्ती मात्र शांतताभंग होईपर्यंत चालू द्यावयाची, असा तिचा व्यवहार होता.

१९२० नंतर आणखी एक पालट झाला. पुण्यात केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर प्रभृतींच्या पुढाकाराने छत्रपती मेळा निघाला. ब्राह्मणेतर समाजाची बाजू मांडणारी, पुष्कळदा अत्यंत तिखट अशी पदे त्यात असत. प्रतिपक्षाचे मेळेही तितकेच तिखट उत्तर देत. जवळकरांचे ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक १९२५ मध्ये निघाले. त्यावरून अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि १९२६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आरोपींच्या वतीने काम चालविले. ज्यांना आजवर मिरवणुकीत फक्त हसण्याचा विषय केले गेले होते ते स्वतः मिरवणूक काढू लागले, ही या काळातील महत्त्वाची गोष्ट. पुढे आंबेडकरी जलशांनी हेच कार्य गावोगाव केले. विषय योग्य की अयोग्य हे ठरविण्याचा अधिकार एकाच वर्गाकडे राहिला नाही. कसोटी बदलण्यामागील खरे कारण बहुधा हेच असते : आजवर गप्प असलेला प्रेक्षक बोलू लागतो.

आपल्या जिल्ह्यांतील दोन उदाहरणे

दूरचे कशास, आपल्याच भूमीतील उदाहरणे पाहू. चिमूर येथे १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, सकाळी प्रभातफेरी निघाली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवरील भजनांनी त्या परिसरातील मने आधीच चेतविली होती. पोलिसांशी संघर्ष झाला, गोळीबारात बालाजी रायपूरकर व इतर काही जण हुतात्मा झाले, क्षुब्ध जमावाच्या हातून काही अधिकारी मारले गेले, आणि नंतर गावावर लष्करी दडपशाहीचे भीषण दिवस आले. त्याच महिन्यात तुकडोजी महाराजांना अटक होऊन नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवण्यात आले. ज्या भजनांस त्या वेळी राजद्रोह समजले गेले त्यांच्या कर्त्याची भजने आज आपण शाळेत आदराने म्हणतो.

दुसरे उदाहरण वीर बाबूराव शेडमाके यांचे. १२ मार्च १८३३ रोजी जन्मलेल्या या गोंड वीराने १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांदा येथे त्यांना फाशी देण्यात आले. इंग्रजांच्या कागदपत्रांत ते बंडखोर होते. आज त्यांचा चित्ररथ काढणे हा आपल्या शाळांचा अभिमानाचा विषय आहे. पुरुष तोच, कृती तीच. पाहणाऱ्याची जागा बदलली.

यावरून कोणी असे म्हणेल की, कसोट्या नित्य बदलतात, तर मग कोणतीही कसोटी खरी कशी मानावी? हा आक्षेप वरवर बरोबर दिसतो, परंतु तो टिकत नाही. वरील सर्व पालटांची दिशा पाहिली तर एक सूत्र दिसते. पूर्वीचा प्रश्न असे, ‘या विषयाने सत्ताधाऱ्यास राग येईल काय?’ आजचा प्रश्न आहे, ‘या चित्रणाने दुर्बलाचा अपमान होईल काय?’ पहिला प्रश्न भीतीचा आहे, दुसरा न्यायाचा. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाने या दुसऱ्या प्रश्नास पाया दिला.

कायदा काय सांगतो

१९५१ च्या पोलीस अधिनियमाने मिरवणुकींचे नियमन करण्याचे, तसेच सभ्यता, नीती वा राज्याची सुरक्षितता यांस बाधक वाटणारी गाणी, हावभाव, नकला व चित्रे यांस विशिष्ट काळापुरती मनाई करण्याचे अधिकार शासनयंत्रणेस दिले आहेत. १८७६ चा नाट्यप्रयोगांचा कायदा मात्र संसदेने २०१७ च्या निरसन कायद्याने रद्द केला. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्तीचा सार्वजनिक ठिकाणी हेतुपुरस्सर अपमान करणे हा गुन्हा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने बालकाच्या मानसिक छळास मनाई केली आहे, आणि एकोणतिसाव्या कलमात शिक्षण संविधानातील मूल्यांशी सुसंगत व भयमुक्त असावे असे म्हटले आहे. शाळेची मिरवणूक हा शिक्षणाचाच भाग असल्याने हे कलम तिलाही लागू समजावे.

तथापि कायदा ही शेवटची मर्यादा होय. शिक्षकाची मर्यादा त्याच्या पुष्कळ अलीकडे असावयास हवी.

जगातही हेच घडले

हा प्रश्न केवळ आपला नाही. अमेरिकेतील फिलाडेल्फिया नगरात नववर्षदिनी वेषधारी मंडळांची मोठी मिरवणूक निघते. तोंडास काळे फासून काळ्या लोकांची नक्कल करण्याची तेथे जुनी रीत होती. नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात, १९६४ मध्ये, तिला मनाई झाली. परंपरेचा भंग झाला म्हणून पुष्कळ लोक चिडले, परंतु मिरवणूक बंद पडली नाही. ती आजही निघते. बेल्जियममधील आल्स्ट गावच्या उत्सवात २०१९ मध्ये ज्यू लोकांची विटंबना करणारा रथ निघाला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये युनेस्कोने त्या उत्सवाचे नाव आपल्या वारसा-यादीतून काढले. दोन्ही ठिकाणी नकला करणारे म्हणत होते की, ही केवळ गंमत आहे. गंमत आहे की नाही हे करणाऱ्याने ठरवावयाचे नसते, ज्याची केली त्याने ठरवावयाचे असते, एवढाच धडा त्यांतून मिळतो.

शाळेत होणाऱ्या चुका

आता आपल्या शाळांकडे वळू. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत गोंड, माडिया, परधान आदी समाजांची मुले मोठ्या संख्येने शिकतात. तरीही ‘आदिवासी नृत्य’ म्हणजे कमरेस झाडाची पाने, अंगास काळा रंग, डोक्यावर कोंबड्याची पिसे आणि तोंडाने निरर्थक आरोळ्या, अशी कल्पना अद्याप पुष्कळ ठिकाणी रूढ आहे. हे चित्र माडिया अथवा गोंड जीवनातून आलेले नाही. ते चित्रपटांतून आले आहे. ज्या रेला नृत्यात तरुण-तरुणी हातात हात गुंफून, एका संथ लयीत, गाण्याच्या ध्रुवपदावर फेर धरतात, ते आपल्याच मुलांच्या घरी आहे. ते शिकविण्यास गावातील वडीलधारी माणसे आनंदाने येतील. शिक्षकाने फक्त विचारावयास हवे. रांगेत उभ्या असलेल्या मुलीने आपल्या आजीचे नाच-गाणे मिरवणुकीत पाहिले तर ती उंच मान करून चालेल. पानांचे घागरे घालून ओरडणारी ‘जंगली’ मंडळी पाहिली तर दुसऱ्या दिवशी ती आपली भाषा वर्गात बोलणार नाही.

दुसरी चूक पौराणिक प्रसंगांची. दसऱ्याच्या सुमारास रावणवधाचे दृश्य अनेक शाळा दाखवितात. परंतु गोंड समाजातील पुष्कळ मंडळी रावणास आपला राजा व पूर्वज मानतात. गडचिरोली जिल्ह्यातील परसवाडी येथे दसऱ्यास रावणाची पूजा होऊन मिरवणूक निघते, हे वृत्तपत्रांतून देशभर प्रसिद्ध झाले आहे. येथे कोणाची श्रद्धा खरी हा वाद शाळेने घालावयाचा नाही. प्रश्न एवढाच की, ज्या वर्गातील अर्ध्या मुलांच्या घरी एखाद्यास नमस्कार केला जातो, त्याच्या पुतळ्यास आग लावण्याचे काम त्याच मुलांकडून तालावर करवून घ्यावे काय? ज्याला ते दृश्य पाहावयाचे आहे त्यास गावचा उत्सव मोकळा आहे. शाळा सर्वांची आहे.

तिसरी चूक अधिक सूक्ष्म आहे, आणि ती सद्‌हेतूने होते. दारूबंदीचा विषय घ्या. लोकचळवळीनंतर गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे; चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ मध्ये झाली व २०२१ मध्ये उठविण्यात आली. कायदा असो वा नसो, व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरे आपण रोज पाहतो. म्हणून हा विषय योग्यच नव्हे तर आवश्यक आहे. परंतु फेरीत झिंगणारा मनुष्य नेहमी लंगोटी नेसलेला आदिवासीच का असावा? मोहाचे स्थान त्या समाजाच्या देवकार्यात आहे, आणि व्यसन तर पाटलूण घालणाऱ्यासही जडते. विषय योग्य आणि चित्रण अयोग्य, असे येथे होते. अशा वेळी विषय टाकावयाचा नसतो, चित्रण सुधारावयाचे असते.

स्त्रियांविषयीही हेच. झाडीपट्टीच्या दंडारीत पुरुषच स्त्रियांची कामे करीत. पुढे झाडीपट्टी रंगभूमीवर स्त्रिया स्वतः उभ्या राहिल्या, आणि आज त्या रंगभूमीस देशभर मान आहे. ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री देण्यात आली. एके काळी मुलींनी रस्त्यावर लेझीम खेळणे लोकांस अयोग्य वाटे. आज मुलींचे पथक नसेल तर मिरवणूक अपुरी वाटते. उलट, भांडखोर बायकोची नक्कल पूर्वी हशा मिळवून जाई. आज तीच नक्कल मुलींच्या देखत करण्यास शिक्षकाने कचरावे.

प्रत्येक आक्षेप मानावा काय?

येथे दुसऱ्या टोकास जाण्याचा धोका आहे. कोणी हरकत घेतली की विषय सोडून द्यावा, असा या लेखाचा अर्थ नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये ‘छावा’ या चित्रपटाच्या जाहिरात-झलकेत छत्रपती संभाजी महाराज लेझीम खेळताना दाखविले होते. राजाच्या प्रतिष्ठेस हे शोभत नाही असा आक्षेप निघाला आणि दिग्दर्शकाने ते दृश्य वगळले. लेझीम ही आखाड्यातील व्यायामाची कला, हीत कमीपणा कसला, असे म्हणणारेही होते. दोन्ही पक्षांस महाराजांविषयी आदरच होता. अशा ठिकाणी मतभेद राहणारच.

परंतु बालविवाह, जादूटोण्याच्या नावाने होणारे छळ, अस्पृश्यता, मुलींची शाळागळती या विषयांस कोणी हरकत घेतली तर शाळेने मागे सरू नये. या विषयांनी ज्यांचा राग ओढवतो त्यांचा अपमान झालेला नसतो. त्यांच्या सोयीस धक्का लागलेला असतो. अपमान आणि गैरसोय यांतील हा विवेक करता येणे, हेच शिक्षकाचे कौशल्य.

शिक्षकासाठी पाच प्रश्न

मिरवणुकीचा विषय ठरविताना पुढील पाच प्रश्न स्वतःस विचारावेत.

१. या दृश्यात हसे कोणाचे होते? दुर्गुणाचे की माणसाच्या जातीचे, रूपाचे, बोलीचे अथवा अपंगत्वाचे?

२. ज्याचे चित्रण आहे तो मनुष्य रस्त्याच्या कडेस उभा असेल तर त्यास मान खाली घालावी लागेल काय?

३. ही भूमिका कोणत्या मुलास दिली आहे, आणि ती त्यालाच का दिली? काळ्या वर्णाच्या मुलास राक्षस आणि गोऱ्या मुलीस भारतमाता, ही वाटणी आपण नकळत करीत नाही ना?

४. दाखविलेली गोष्ट खरी आहे काय? पोषाख, वाद्य, सन, प्रसंग यांची चौकशी गावातील जाणत्यांकडे केली आहे काय?

५. मुलांना हा विषय समजला आहे काय? न समजता दिलेली घोषणा ही पाठांतराहूनही निरर्थक असते.

याखेरीज एक व्यावहारिक सूचना. प्रजासत्ताकदिनी दिल्लीस निघणाऱ्या चित्ररथांवर राज्याच्या नावाखेरीज अन्य मजकूर लिहिता येत नाही. विषय आकृतींवरूनच कळला पाहिजे, आणि त्याचे आराखडे आधी जाणकारांच्या समितीपुढे ठेवावे लागतात. शाळेनेही हीच पद्धत लहान प्रमाणावर अवलंबावी. दहा दिवस आधी विषयाचे साधे रेखाचित्र फळ्यावर काढावे. शाळा व्यवस्थापन समितीतील पालकांना, विशेषतः माता-पालकांना, आणि गावातील निरनिराळ्या वस्त्यांतील एकेका वडीलधाऱ्यास ते दाखवावे, आणि ‘यात कोणास टोचेल असे काही आहे काय?’ असे सरळ विचारावे. उत्तर देण्यास थोडा वेळ द्यावा. ज्यांना टोचते ते बहुधा लगेच बोलत नाहीत.

मार्कंड्याचे मंदिर पाहण्यास मुलांना नेलेच असेल. वैनगंगा जेथे उत्तरेकडे वळते तेथील त्या भिंतींवर देवदेवतांसोबत सुरसुंदरी आणि हत्ती दगडात शेकडो वर्षे उभे आहेत. त्यांतील काही शिल्पे आज आपण मिरवणुकीत मांडणार नाही. घडविणाऱ्यांस मात्र ती मंदिरास शोभणारीच वाटली. दगडात कोरलेले बदलता येत नाही. आपली मिरवणूक दरवर्षी नवी निघते, म्हणून गेल्या वर्षीची चूक या वर्षी सुधारण्याची सोय आपणांस आहे. येत्या फेरीच्या आधी पोषाखांची पेटी उघडाल तेव्हा पानांचे ते घागरे बाजूस काढून ठेवावेत, आणि वर्गातील एखाद्या मुलास विचारावे की, तुझ्या घरी सणाला कोणते गाणे म्हणतात.